आईबाबांच्या लग्नाच्या १९९३ सालच्या व्हीएचएस कॅसेट सापडल्यात. सोलापुरात कुणाकडे द्याव्यात की घरीच कॉम्प्युटरवर घ्याव्यात?

आधी एक सांगतो: उत्साहाच्या भरात कॅसेट मशीनमध्ये घालू नका. मी घातली होती. बहिणीच्या लग्नाची कॅसेट हाती लागली, शेजारच्यांचा व्हीसीआर आणला, दाजी म्हणाले "लावून तर बघू की ओ", आणि लावली. चार मिनिटं हळद दिसली, मग पडदाभर मुंग्या. कॅसेटला बुरशी होती, ती हेडला, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटली. आम्हाला कुठलं कळायला, त्याच मशीनमध्ये बारशाची चांगली कॅसेट घातली. तिचीही वाट लागली.

म्हणून कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रिळाची कड बघा. काळी, गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, आणि मग घरचा प्रयोग नको. आपली हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यापेक्षा बुरशी कमी सापडते. पण पत्र्याखालच्या माळ्यावर तीस उन्हाळे काढलेल्या टेपला उष्णतेनं फटका बसतोच. कॅसेट वरून काढल्या काढल्या लावू नका, एक दिवस खोलीत राहू द्या. मागची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही.

आता मशीन. सगळे आधी यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी) कुठलं घ्यावं विचारतात. माझ्या मते पैसे आणि डोकं व्हीसीआरवर घालवा. नवीन व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलं, तेव्हा जुनाच शोधावा लागणार. रबरी चाक कडक झालेलं असतं, पट्टा सैल झालेला असतो, म्हणून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडून तपासून घ्या आणि आधी टाकाऊ सिनेमाची कॅसेट चालवून बघा. हेड साफ करायला पूर्वी लोक कोरी नोट घासायचे, ते करू नका. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कागद ड्रमला (हेड बसवलेला फिरता गोल भाग) नुसता टेकवून धरा आणि ड्रम हातानं हळू फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कापूसही नको, त्याचे तंतू अडकतात.

जोडणी सोपी आहे: पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, तिन्ही कॅप्चरमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये मात्र पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा आणि चित्राचा आकार ७२० बाय ५७६. स्वस्त कॅप्चर बऱ्याचदा अमेरिकन पद्धतीवर, ६४० बाय ४८० वर लावलेली येतात. चित्र ४:३ च ठेवा, नाहीतर टीव्हीभर ताणलेल्या चित्रात सगळे वऱ्हाडी गुबगुबीत दिसतात. जुन्या पिना नव्या टीव्हीला जोडणारे एव्ही टू एचडीएमआयचे डबे हाच घोळ करतात. मधे एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावला तर काही मॉडेलमध्ये चित्राची थरथर कमी होते. घरात कुणाकडे पडून असेल तर करून बघा, मुद्दाम विकत घेऊ नका.

यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. एच.२६४ या दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये ८ एमबीपीएसला (सेकंदाला ८ मेगाबिट) तासाला साधारण साडेतीन जीबी लागतात. डीव्ही या कमी दाबलेल्या प्रकारात घेतलं तर १३ जीबी, पण पुढे एडिटिंग करायचं असेल तर तेच बरं. वीज जाण्याची धास्ती असेल तर इन्व्हर्टरवर लावा. लग्न संपलं, निळा पडदा आला म्हणून बंद करू नका! आमच्या कॅसेटमध्ये विहिणींच्या निरोपानंतर बराच वेळ काहीच नव्हतं, आणि मग अचानक सोलापूरची गड्ड्याची यात्रा: बाराबंदी घातलेली माणसं, नंदीध्वज, गर्दीत हरवलेला कॅमेरा. मामांनी उरलेली टेप वापरली होती.

आवाजाची एक गंमत. त्या काळचे शूटिंगवाले मंगलाष्टकांचा आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी टाकायचे, आमच्या सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात तर तेलुगू गाणी. तुमच्याकडची कॅसेट अशी मिक्सिंग केलेली असेल तर ती मूळ शूटिंगची कॉपी असणार, म्हणून जरा धूसर. आईबाबांना विचारा, कच्ची कॅसेट कुणाकडे राहिली का. बहुतेक शूटिंगवाल्यांनी ती पुढच्या लग्नाला वापरलेली असते, पण एखाद्या वेळी मिळते.

दुकानात द्यायचं तर जरूर द्या, पण बोलणी आधी करा. मी एका स्टुडिओत दिली तर हाती डीव्हीडी आली, तीही दाबून दाबून चौकोन दिसतील अशी, वर कोपऱ्यात त्यांचं नाव. तुम्ही फाईल मागा, पेन ड्राईव्हवर, सेकंदाला ५० फील्ड (चित्राचे अर्धे भाग) शाबूत ठेवून. हे ऐकून समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा. आणि मूळ कॅसेट परत घ्या. फेकू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा, माळ्यावर मात्र नको.

खिडकीतून दिसणाऱ्या रिळाचा फोटो इथे टाकलात तर बुरशी आहे की नुसती धूळ, बघून सांगतो.