सरकत्या छपराची वेधशाळा आणि कलम ५३ ची नोटीस

प्रश्न : नगरपरिषदेच्या हद्दीत आमचा स्वतःचा बंगला आहे. मागच्या बागेत आधीच्या मालकाने बांधलेली विटांची, पत्र्याच्या छपराची शेड आहे. तिची घरपट्टी आम्ही नियमित भरतो. गेल्या वर्षी मी तिची वेधशाळा केली. छप्पर चाकांवर घेतले, ते उत्तरेकडे सरकते. त्याचे रूळ शेडच्या बाहेर चार लोखंडी खांबांवर टेकले आहेत. आत दुर्बिणीसाठी काँक्रीटचा खांब आहे. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि तीस दिवसांत बांधकाम काढण्याची कलम ५३ ची नोटीस मला आली. त्यातले बारा दिवस गेले. आता मी छप्पर उघडले की त्यांचा नवा एलईडी फ्लडलाइट शेडवर पडतो. शिवाय मी दुर्बिणीतून त्यांच्या खिडक्यांत बघतो, असे ते चारचौघांत सांगतात. दक्षिणेचे शेजारी दुसरा मजला चढवणार आहेत, म्हणजे अगस्त्य तारा कायमचा जाणार. नोटिशीचे काय करू? दिवा बंद करवता येईल का? दुसऱ्या मजल्यावर मनाई हुकूम मिळेल का?

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी घाई फक्त पहिल्याची आहे. उरलेल्या अठरा दिवसांत दिव्याच्या भांडणात शक्ती घालवू नका.

नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालची आहे. या कायद्यात ‘विकास’ या शब्दाचा आवाका फार मोठा आहे. नवे बांधकाम त्यात येतेच, पण इमारतीत किंवा तिच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. मात्र कलम ४३ च्या परंतुकात, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादात, काही कामांना परवानगीची गरज नाही असे म्हटले आहे, आणि त्यातल्या दोन सवलती तुमच्या कामाच्या आहेत. एक, ज्या कामाचा परिणाम फक्त इमारतीच्या आतल्या भागावर होतो किंवा ज्याने बाहेरच्या रूपात लक्षणीय फरक पडत नाही, असे दुरुस्ती-सुधारणेचे काम. दोन, राहत्या घराला जोडून असलेल्या इमारतीचा किंवा जागेचा राहण्याशी आनुषंगिक अशा कारणासाठी केलेला वापर. घरच्या माणसाने आपल्या आवारातल्या शेडमध्ये रात्री तारे बघणे हा आनुषंगिक वापर आहे, असे मी ठामपणे मांडेन. कुदळ-फावडी ठेवायच्या जागी दुर्बीण ठेवली म्हणून वापर बदलला, हा आक्षेप टिकणारा नाही.

दुर्बिणीच्या खांबाचेही तसेच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो जमिनीतून वर आलेला दिसतो आणि त्याच्या चहूबाजूंनी फरशीत बोटभर फट सोडलेली आहे. चालताना फरशी हलली तरी दुर्बीण हलू नये म्हणून ती फट असते. नगरपरिषदेच्या अभियंत्याला ते कदाचित नव्या बांधकामाचा पाया वाटले असेल. तो खांब छताचा भार घेत नाही, त्यावर काही बांधायचे नाही, आणि काम पूर्णपणे शेडच्या आत आहे, हे खुलाशात आकृती काढून सांगा.

अडचण बाहेरच्या चार खांबांची आहे. शेवटचा खांब कुंपणाच्या भिंतीपासून फूटभरच आत आहे. म्हणजे ते सगळे बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायच्या जागेत, उभे आहेत, आणि हे अंतर आकाशाला मोकळे ठेवायचे असते. तुमच्या नगरपरिषदेला बहुधा २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू असेल. तिच्यात या जागेत काय चालते याची मोजकी यादी आहे, आणि छपरासाठी रूळ-खांब त्यात बसवणे कठीण आहे. छप्पर वर्षातले बहुतेक दिवस बंद असते हे खरे, पण खांब बारा महिने उभे असतात. ते वाचवायचा प्रयत्न करू नका, हे माझे स्पष्ट मत आहे.

ते वाचवण्यात तुमचा फायदाही नाही. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सोळा ते बावीस अंश वर दिसतो. उत्तरेला सरकवून ठेवलेले छप्पर नेमके त्याच्या आड येते आणि दुर्बीण ध्रुवाशी जुळवताना त्रास होतो, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. छपराचे दोन भाग करून ते बिजागऱ्यांवर भिंतींच्या बाहेर खाली लोंबतील असे केले, तर रूळही नकोत आणि खांबही नकोत. बंद असताना शेड पूर्वीसारखीच दिसेल आणि परंतुकातली पहिली सवलत मागायला जागा राहील. खांब काढण्यापूर्वी चारही बाजूंनी तारखेसह फोटो घ्या. काढल्यावर नगरपरिषदेला पत्र द्या, त्यात ‘आमचे सर्व हक्क राखून’ हे शब्द असू द्या. स्वतःहून काढले म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही.

आता जो प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तोच मला सर्वांत मोठा वाटतो. मूळ शेड मंजूर नकाशात आहे का? ‘घरपट्टी भरतो’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. कर लावताना नगरपरिषद जागेवर जे उभे आहे ते मोजते. अनधिकृत इमारतींनाही कर लागतो, आणि त्याने त्या अधिकृत होत नाहीत. शेड जुनी आहे एवढ्यानेही भागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बांधकामाच्या प्रकरणांत लोक याच एका समजुतीवर निर्धास्त राहिलेले असतात आणि नोटीस आल्यावर हादरतात, म्हणून इतके स्पष्ट लिहितो आहे. बंगल्याच्या मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आजच मागा. आधीच्या मालकाने लपवले म्हणून त्याच्याकडून भरपाई मागायचा विचार असेल, तर तो दावा कमजोर आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने सांगायचा दोष हा खरेदीदाराला साध्या काळजीने न कळणारा असावा लागतो, आणि नकाशा बघणे ही साधी काळजी समजली जाते.

शेड नकाशात असेल तर बाजू मजबूत आहे. नसेल, पण सामासिक अंतर सोडून असेल आणि चटई क्षेत्र (प्लॉटवर बांधता येणारे एकूण क्षेत्र) शिल्लक असेल, तर ती नियमित करून घेता येते. ती मागच्या सामासिक अंतरातच असेल तर मात्र मनाची तयारी ठेवा. अशा वेळी दुर्बिणीचा खांब बागेत उघड्यावर ठेवून त्यावर चाकांचा हलका खोका ओढणे हा मार्ग उरतो. बरेच हौशी निरीक्षक तसेच करतात, आणि त्यात इमारत म्हणावे असे काही नसते.

शेड नकाशात असो वा नसो, कलम ५३(३) तुमच्या हाताशी आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम ४४ खाली बांधकाम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज केला, तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर तुमच्या बांधकामाला बाधा येत नाही. अर्ज आर्किटेक्टमार्फत, नव्या छपराच्या नकाशासह करा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कलम ४५ मानते, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. त्या साठ दिवसांवर विसंबून कामाला हात घालू नका. नकार आला तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत अपील आहे.

अर्ज न करता गप्प बसलात तर मात्र कठीण आहे. कलम ५२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. ‘उद्या बुलडोझर येईल का’ ही तुमची भीती मात्र अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत दिलेल्या निर्देशांनुसार किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस, वैयक्तिक सुनावणी आणि कारणांसह आदेश आवश्यक आहे. आदेशानंतरही पंधरा दिवस थांबावे लागते. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, पण तुमची शेड तुमच्या आवारात आहे. सुनावणीची मागणी खुलाशातच लिहून ठेवा.

आता दिवा. इथे तुमच्या मनासारखे उत्तर नाही, पण दार पूर्ण बंदही नाही. अंधाराचा हक्क आपल्या कायद्यात कुणालाच नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण तिने तुमच्या-माझ्या अंगणातल्या आभाळाला संरक्षण मिळत नाही. उरतो तो खासगी उपद्रवाचा, म्हणजे शेजाऱ्याच्या कृतीने आपल्या जागेच्या उपभोगात येणाऱ्या त्रासाचा दावा, आणि त्यात जुना अडथळा आहे. ज्याचे काम नेहमीपेक्षा जास्त नाजूक आहे, त्याने शेजाऱ्याच्या सामान्य वागण्याला उपद्रव म्हणायचे नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८८९ च्या ‘रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट’ खटल्यात मांडले गेले. तिथे खालच्या मजल्यावरच्या उष्णतेने वरच्या गोदामातला नाजूक कागद खराब होत होता. तुमच्या प्रकरणाच्या फार जवळचा निकाल अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा आहे, १९४८ चा. उघड्यावरच्या चित्रपटगृहाच्या पडद्यावर शेजारच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानातले झोत पडत होते. चित्रपटगृह हरले. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात, पण खासगी उपद्रवाचा आपला कायदा अशाच तत्त्वांवर उभा आहे.

मात्र हेतू दुष्ट असेल तर चित्र बदलते. १९३६ च्या ‘हॉलिवूड सिल्व्हर फॉक्स फार्म विरुद्ध एमेट’ खटल्यात शेजाऱ्याने कोल्ह्यांच्या पैदाशीत विघ्न आणायचे म्हणूनच हद्दीवर बंदुकीचे बार काढले, आणि पैदास हे नाजूक काम असूनही न्यायालयाने त्याला रोखले. तुमचा मुद्दा हाच आहे: दिवा छप्पर उघडल्यावर लागतो आणि बंद केल्यावर विझतो. हे शब्दांत सांगून चालणार नाही. छप्पर आणि दिवा दोन्ही एकाच चौकटीत येतील असे, वेळ दिसणारे चित्रण वेगवेगळ्या रात्री करून ठेवा. कॅमेरा त्यांच्या घराकडे नव्हे, आपल्या शेडकडे वळवलेला असू द्या. दिवा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी लागत असेल, तर तो सुरक्षेचा दिवा ठरेल आणि तुमचा दावा पडेल.

दाव्याआधी एक साधे पत्र द्या. दिव्याला झाकण बसवून झोत खाली वळवायचा खर्च मी करतो, असे त्यात लिहा. शेजारी मान्य झाले आणि हे पुढच्या मालकांवरही बांधील राहावे असे वाटत असेल, तर नोंदणीकृत करार करा. तोंडी शब्द घर विकले की संपतो.

खिडक्यांचा आरोप मी हलका मानत नाही, तुम्हीही मानू नका. खासगी कृती करत असलेल्या, आणि आपल्याला कुणी बघत नाही असे गृहीत धरण्याचा हक्क असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळीही किमान एक वर्षाची कैद आहे. तुम्ही तसे काही केलेले नाही, पण ते दाखवता आले पाहिजे. आर्किटेक्टकडून शेडचा उभा छेद काढून घ्या: दुर्बिणीची उंची, भिंतीची उंची, आणि दुर्बीण जास्तीत जास्त खाली झुकवली तर नजर भिंतीच्या काठावरून कुठे जाते ती रेषा. तळमजल्याच्या खिडक्या त्या रेषेखाली राहतील असा माझा अंदाज आहे. वरच्या मजल्याच्या कदाचित राहणार नाहीत. आजवर उत्तरेला सरकलेले छप्पर तिथे आडोसा करत होते, नव्या रचनेत तो जाईल. म्हणून उत्तरेच्या भिंतीवर आतून, काढता-घालता येणाऱ्या दांड्यांवर जाड काळा पडदा लावा. ध्रुव जुळवताना तो खाली घ्या, मग वर चढवा. शेजाऱ्यांची तक्रार त्याने संपेल आणि फ्लडलाइटचा झोतही बराच अडेल. शक्य झाले तर त्यांच्या घरच्या मंडळींना एकदा शनीची कडी बघायला बोलवा. हा सल्ला वकिलाचा नाही, पण मी तो मनापासून देतो.

दक्षिणेच्या दुसऱ्या मजल्यावर मनाई हुकूम मिळणार नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम १५ वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याला संरक्षण देते, पण ते इमारतीपर्यंत येणाऱ्या उजेड-वाऱ्याला. मोकळ्या जमिनीवर येणारा उजेड वहिवाटीने हक्काचा होत नाही, हे कलम १७ स्पष्ट सांगते. तुमचे छप्पर तर गेल्या वर्षी उघडू लागले. आणि दृश्याचा हक्क इंग्लंडच्या न्यायालयाने १६१० मध्येच, आल्ड्रेडच्या खटल्यात, नाकारलेला आहे. शेजाऱ्यांचा नकाशा नियमाप्रमाणे मंजूर असेल तर अगस्त्य जाईल. ते दुःख मला कळते, पण त्यावर दावा लावून पैसे घालवू नका. त्यांच्या परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. मात्र स्वतःचे चार खांब सामासिक अंतरात असताना दुसऱ्याच्या बांधकामावर हरकत घेऊन न्यायालयात उभे राहणे शहाणपणाचे नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही सुटीच्या दिवशी तिकीट लावून आकाशदर्शन ठेवायचा विचार लिहिला आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तो बाजूला ठेवा, आणि तशी जाहिरात केली असेल तर आजच काढा. मित्रांना, शाळेतल्या मुलांना फुकट बोलावणे वेगळे. पैसे घेऊन लोक येऊ लागले की ‘राहण्याशी आनुषंगिक वापर’ हा तुमचा सर्वांत चांगला मुद्दा हातचा जातो. आधी नकाशाची प्रत, मग आर्किटेक्ट, मग कलम ४४ चा अर्ज. अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधीच आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.