'क'पासून शब्द सांगा : 'किल्ला' धरायचा का?

प्रश्न असा आहे : स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत आजोबांना मिनिटभरात 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगायला सांगितले. ते 'किल्ला', 'कुत्रा' म्हणाले, तेव्हा सोबतच्यांनी "हा 'क' नाही, 'कि' आहे" म्हणून अडवलं. चूक कोणाची?

अडवणाऱ्यांची. 'मोका' (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या स्मृती-आकलनाच्या चाचणीत (२००५) इंग्रजीतून 'एफ'पासूनचे शब्द मागतात आणि 'एफ'पुढे कोणताही स्वर आला तरी चालतो. म्हणजे खरी मागणी आद्य व्यंजनाची असते. मराठीत 'अक्षर' म्हटलं की स्वर त्यातच आला, म्हणून हा घोळ. मुळाक्षरं घोकलेली माणसं 'कमळ, कप, कढई' म्हणून थबकतात आणि स्मरण शाबूत असून मागे पडतात. कमळ, काकडी, किल्ला, कैरी, क्रम हे सगळे धरा. 'खडू' नाही, कारण ख हे वेगळं व्यंजन. 'क्षमा' उच्चाराने आत येते, पण क्ष वेगळा शिकवला जातो, त्यामुळे ते आधीच ठरवून ठेवावं.

बाद काय? विशेषनामं (कोल्हापूर), संख्या (कोटी) आणि एकाच धातूची रूपं : 'करणे, करतो, करून' मिळून एकच शब्द. ११ शब्द झाले तर १ गुण. एकूण ३० गुणांत २६च्या खाली आलं की पुढची तपासणी सुचवतात, त्यामुळे काठावरच्या माणसाला हा एक गुण महाग पडतो. (कमी गुण म्हणजे निदान नव्हे, हे घरच्यांना जरूर सांगावं.)

म्हणून घड्याळ लावण्याआधीच सांगावं, "काना, मात्रा, वेलांटी काहीही चालेल." उदाहरण दुसऱ्या अक्षराचं द्यावं : बाक, बिया, बोर. अक्षर मात्र मराठी प्रतीत छापलेलंच घ्यावं, मनचं नाही.

निरक्षर व्यक्तीला हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे फळं किंवा प्राणी विचारतात. पण ते गुण याच्याशी ताडू नयेत. अल्झायमरमध्ये फळं-प्राण्यांची यादी सहसा अक्षरावरच्या यादीपेक्षा जास्त ढासळते.

असाच घोळ 'एमएमएसई' (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन, १९७५) या दुसऱ्या चाचणीत होतो. तिथे 'वर्ल्ड' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायचं असतं, अक्षरं पाच, गुण पाच. 'कागद' उलटला तर 'दगका', तीनच अक्षरं! हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी केलेल्या हिंदी चाचणीत त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला घेतले.

आणि मिनिट चालू असताना कोणीही टोकू नये. चुकीचे, पुन्हा आलेले, शंकेचे सगळे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत, काटछाट नंतर करावी.