कंडक्टिंग शिकायला अमेरिकेत यायचं म्हणतेस, तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात बीकॉमचं शेवटचं वर्ष, व्हायोलिनची ट्रिनिटी परीक्षेची आठवी ग्रेड, आणि आता थेट कंडक्टिंगमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या संचालनात, मास्टर्स करून इथेच विद्यापीठात शिकवायचं. तुला व्हिसाची काळजी आणि आईला पगाराची. दोन्हींबद्दल सांगतो, पण शेवटी.

व्हायोलिनचा रियाज दार लावून करता येतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली साठ-सत्तर माणसं, ती घरी कुठून आणणार? म्हणून विद्यापीठाच्या नावावर जाऊ नकोस. तिथे शिकणाऱ्या कुणालातरी ईमेल करून विचार, प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रासमोर आठवड्याला किती मिनिटं मिळतात? मी हे विचारलं नव्हतं. मोठं नाव बघून गेलो आणि दोन वर्षं बहुतेक वेळ ऑर्केस्ट्राऐवजी दोन पियानोंसमोर हात हलवत काढली.

थेट मास्टर्सचा विचार तूर्त सोड. जागा वर्षाला एखाद-दोन आणि संगीतातली पदवी बहुतेक ठिकाणी मागतातच. आधी व्हायोलिनमध्ये बॅचलर्स कर, ऑर्केस्ट्रात मागच्या खुर्चीवर का होईना, बस. झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले तेव्हा हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकत होते, पण हातात डबल बासही होता. लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा त्यांनी १९५८ मध्ये जिंकली. मधली वर्षं अशीच गेली. पैशांची अडचण असेल तर जर्मनीही बघ. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत महाविद्यालयांना शिक्षण शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो). मात्र तिथली वाट ऑपेरा हाऊसमध्ये गायकांना पियानोवर साथ करण्यापासून सुरू होते. पियानो कच्चा असेल तर अवघड आहे.

ऑडिशनचं म्हणशील तर डिसेंबरच्या सुमारास व्हिडिओ आणि निवड झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रासमोर वीसेक मिनिटं. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी हमखास निघते. तिची गंमत आपल्या भाषेत सांगायची तर समेवर कोणीच वाजवत नाही. समेला विश्रांती, मग तीन सूर. ती रिकामी सम तुझ्या हातातून सगळ्यांना दिसली पाहिजे. माझ्या पहिल्या ऑडिशनला मी वीसपैकी नऊ मिनिटं बोलण्यातच घालवली. मागच्या बाकावरचा एक ट्रोंबोनवाला चक्क जांभई देत होता.

स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेली प्रत, वाचायची मात्र धास्ती घेऊ नकोस. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी (आपली पांढरी एक) वाजवला की ऐकू येते काळी पाच. एफ हॉर्नवाल्याचा तोच सी खाली पांढरी चारवर उतरतो. पेटीवर पट्टी बदलून साथ करणाऱ्याला हे चार दिवसांत जमतं, इथली मुलं वर्षभर अडखळतात.

आता नोकरी. विद्यापीठात कायम व्हायचं तर बहुतेक ठिकाणी डीएमए ही डॉक्टरेट लागते. ती असिस्टंटशिप मिळाली तरच कर. फी माफ होते, थोडं मानधन मिळतं आणि बदल्यात दुसऱ्या फळीचा ऑर्केस्ट्रा तुझ्याकडे येतो. मी तेरा अर्ज केले तेव्हा कुठे एक मुलाखत आली. दोन दिवस चालली, त्यात खरं कंडक्टिंग अर्धा तास. नोकरीतही प्रमाण साधारण तेच. व्हायोला वाजवणारी मुलं हायस्कुलांतून शोधून आणा, भाड्याने आणलेल्या स्वरलिपीच्या प्रतींवर गज वर न्यायचा की खाली याच्या खुणा करा, बसून हे वाद्य वाजवणारा आजारी पडला तर पर्यायी माणूस बघा. साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा, म्हणजे कायम करण्याचा, निर्णय होतो. नाही मिळाला तर बाडबिस्तरा बांधायचा. मला हे काम आवडतं, पण ते नुसतं काठी फिरवण्याचं नाही.

व्हिसा: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू होत नाही, हा आपल्याला मोठाच आधार. शुल्काचे नियम मात्र बदलत असतात, अर्जाच्या वेळी ताजे बघ. आईला सांग, पगार बहुधा नऊ महिन्यांच्या कराराचा असतो आणि आयटीतल्या चुलतभावाशी तुलना करू नये. अनेक सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात, तिलाच बघू दे.

तोवर मुंबईला जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. आयएमएसएलपी या वेबसाइटवरून त्या दिवशीचा स्कोअर उतरवून घे, कंडक्टरचे हात दिसतील अशी जागा धर आणि पानं आवाज न करता उलट. रात्री परतीच्या गाडीमागे धावू नकोस, कुणा मावशीकडे मुक्काम कर.