छेत्रीनंतर बेंगळुरू एफसीचं काय होणार?

होय की मर्दा, आमचा स्ट्रायकर सुनील छेत्री थांबला म्हणून बेंगळुरूची फुटबॉल टीम लगेच बुडत नाही, पण गोल कोण मारणार हा प्रश्न खरा आहे. छेत्री 1984 चा, तरी 2024-25 च्या आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीग ह्या फुटबॉल लीगला, त्यानंच 14 गोल मारले, एकाही इंडियन प्लेयरचे त्याच्यापेक्षा जास्त नव्हते, आता ही त्याची कमाल म्हणायची का बाकीच्यांची लाज तुम्हीच सांगा. त्या सीझनला फायनलला कोलकात्यात पुढे असून मोहन बागानकडून एक्स्ट्रा टाइमला 2-1 नं हरलो, तेव्हा आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत रात्री कोणच जेवलं नाही.

मिडफील्डची मला काळजी नाही, सुरेश सिंग 2000 चा आहे, पळतोय नुसता घोड्यासारखा. विनीत वेंकटेशवर माझा जास्त भरवसा, बेंगळुरूचाच पोरगा, त्या सीझनच्या पहिल्याच मॅचला ईस्ट बंगालवर एकमेव गोल त्याचा, पण त्याला बेंचवर बसवून ठेवलं तर काय उपयोग. गोलकीपर गुरप्रीत भारीच, पण 1992 चा, मागनं कुणीतरी तयार करायलाच पाहिजे. स्ट्रायकर म्हणून दरवर्षी फॉरेनर आणायचा नि दुसऱ्या वर्षी सोडायचा, हे लई झालं, लेले ग्राउंडवरची पोरं पण एवढी टीम बदलत नाहीत.