वाचक विचारतात : होडीचा आतला रंग का सुटतो?

प्रश्न : आमची 6 मीटरची, छोट्या केबिनची फायबरची शिडाची होडी आहे. मागच्या हिवाळ्यात आतून घासून पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. पावसाळा सरता सरता पोपडे निघू लागले. बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या पोकळीत) तर रंग पापुद्र्यासारखा सोलला जातो. कोणता रंग घ्यावा? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : दुकानात जाण्याआधी एक पोपडा उलटा करून बघा. पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल तर त्या रंगाने फायबरला धरलंच नव्हतं. केबिनचं आतलं अस्तर साच्यात थर देऊन घडवतात आणि ते सुटावं म्हणून साच्याला मेण लावतात. ते जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, येतं. लॉकर आणि बिल्जच्या खरखरीत भागावर साच्याचं मेण नसतं, पण रेझिनच्या (काचतंतूंना बांधणाऱ्या राळेच्या) शेवटच्या थरात मेण घातलेलं असलं तर तेही वर तरंगून येतं. अशा पृष्ठभागावर थेट घासकागद चालवला की मेण ओरखड्यांत चेपलं जातं, आणि मग महागातला रंगही टिकत नाही.

पोपड्याची पाठ ओलसर असेल तर आधी गळती शोधा. डेकवर पाइपने पाणी सोडून एकाने आत बसावं. खिडक्यांच्या कडा आणि डेकमधून आरपार गेलेले बोल्ट हे नेहमीचे गुन्हेगार.

गळती बंद झाली की साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, मग भरपूर गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाका. मीठ राहिलं तर ते ओल ओढतं आणि रंगाखाली फोड येतात. होडी पूर्ण सुकली की दोन फडकी घ्या. एक ॲसिटोनमध्ये भिजवून हातभर जागा पुसायची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायची. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं.

त्यानंतर घासणं. सुटा रंग 80 नंबरने, बाकी सगळं 120 ते 180 ने. चमक पूर्ण मेली पाहिजे. काचतंतूंची धूळ उडते, त्यामुळे मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. रंग काढायचं रसायन मात्र वापरू नका. साधा पेंट रिमूव्हर खालचं रेझिनही मऊ करतो.

आता रंग. बिल्ज आणि लॉकरना दोन भागांच्या (रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन रंग). जुना ऑइल पेंट कुठे घट्ट राहिला असेल, तर पीयूच्या थिनरमध्ये भिजवलेला बोळा तिथे प्लास्टिकखाली दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवा. रंग सुरकुतला तर तो पूर्ण उतरवावा लागेल. ते नको असेल तर केबिनच्या भिंतींपुरता एकाच डब्यातला मरीन इनॅमल लावा. अर्धचमकदार रंग घ्या, भरपूर चमक असली की प्रत्येक खड्डा दिसतो. बिल्जमध्ये पांढरा किंवा फिकट राखाडी बरा, तेल गळलं की लगेच कळतं.

साधारण 12 चौरस मीटरला दोन हातांसाठी तीन लिटर धरा. खरखरीत भाग जास्त रंग पितो. दोन भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजा आणि थोडं थोडं कालवा. उन्हाळ्यात मोठं भांडं स्वतःच तापून गोठतं.

प्रश्न : इपॉक्सी प्रायमर दुसऱ्या दिवशी चिकट लागतो. हार्डनर कमी पडला का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसंही असू शकेल, पण आधी हवेवर संशय घ्या. दमट हवेत हार्डनरमधला काही भाग वर येऊन मेणचट थर धरतो. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि घासणीने धुऊन बघा. खाली कडक लागलं तर सुकवून 180 ने घासा आणि पुढचा हात द्या. धुण्याआधी घासलंत तर कागद भरून येईल आणि थर पसरेल. खालीही मऊच असेल तर प्रमाण चुकलंय, खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. किनारपट्टीवर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव सुकल्यावर सुरू करून दुपारी तीनच्या आत आटपावं.

प्रश्न : वेळ वाचवायला केबिनमध्ये पीयू स्प्रेने मारला तर?

उत्तर : नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचे तुषार श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि घातक प्रमाणातही त्याचा वास येईलच असं नाही. ब्रश आणि छोटा फोम रोलर पुरे. तेव्हाही हॅच (डेकवरची झाकणं) उघडे ठेवा, सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क घाला आणि बाहेर कुणीतरी थांबू द्या. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये साठते. त्यामुळे हवा खेचणारी नळी तळापर्यंत सोडा, पंखा होडीबाहेर ठेवा आणि बॅटरीची जोडणी आधीच काढून टाका.