द्राक्षाचे पैसे पोराच्या शॉर्ट फिल्मला द्यावेत का?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिडकोत मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. यंदा त्याने शॉर्ट फिल्म करायचं डोक्यात घेतलंय. गारपिटीत बाग गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट लिहिली आहे. १ लाख ८० हजारांचा हिशोब करून माझ्या हातात दिला, तो कागद सोबत पाठवतो. नाही म्हणावं तर पोरगं हिरमुसतं. हो म्हणावं तर तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी आमचा माल नेऊन पळाला, ते पैसे अजून आले नाहीत. त्याची चिठ्ठी आजही कपाटात आहे. या धंद्यात पोटापाण्याचं काही होतं का? शिक्षण सोडून तो याच नादाला लागेल का? – एक पालक

उत्तर :

नमस्कार भाऊसाहेब,

तुमचं पत्र आणि सोबतचा वहीचा कागद, दोन्ही दोनदा वाचले. पोराने खर्च मांडून तुमच्या हातात दिला हे मला फार आवडलं. सिनेमाचं वेड घेऊन माझ्याकडे पुष्कळ मुलं येतात. हिशोब घेऊन येणारी फार थोडी.

पण १ लाख ८० हजार देऊ नका. ४५ हजार द्या, आणि त्यातलेही १५ हजार शूटिंग संपेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. का, ते सांगते.

त्याच्या कागदावर कॅमेरा-लेन्सचं तीन दिवसांचं भाडं ५५ हजार, पुण्याहून येणारा नट ४० हजार, एडिटिंग ३० हजार, गारपिटीचा इफेक्ट २५ हजार, ड्रोन १५ हजार आणि जेवण-प्रवास १५ हजार आहे. बेरीज बरोबर आहे. पण आवाजासाठी एक रुपया नाही, आणि फिल्म झाल्यावर ती लोकांपुढे न्यायला एक रुपया नाही. पहिली फिल्म बुडते ती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

मुंबईला जाता-येता पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक तुम्ही पाहिलं असेल. दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटाला पैसे लावायला कुणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं टिपत महिनाभर त्या रोपाची वाढ चित्रित केली. पडद्यावर मिनिटभरात कोंब वर येऊन वेल झालेला लोकांनी पाहिला, आणि मग भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले ते वेगळेच. ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो त्यानंतर, १९१३ मध्ये. तुमच्या पोराने आधी त्याचा वाटाणा दाखवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथून पुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझी गोष्ट मनापासून लिहिलेली आहे, पण ती तुझ्या पैशांत मावणारी नाही. गारपीट, बाजार समितीतली गर्दी, तहसील कचेरी, दवाखाना, एवढं सगळं बारा मिनिटांत. मोठी गोष्ट कापून लहान केली की ती गरीब दिसते. गोष्टच अशी हवी की पैसे असते तरी तिला जास्त काही लागलं नसतं. तुझ्या वडिलांनी पत्रात कपाटातल्या चिठ्ठीबद्दल अर्धीच ओळ लिहिली आहे. माल गेलेला, गाडी गेलेली, आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. रात्रीची वेळ, स्वयंपाकघर, बाप, आई, ओट्यावर ठेवलेला मोबाइल. बाप तासातासाने तोच नंबर लावतो आणि आई भाकरी थापता थापता ऐकते. नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांनी ही रात्र काढली असेल! गारपीट न दाखवताही बाग गेल्याचं दुःख त्यात येईल, आणि लोकेशन तुझं स्वतःचं घर. मात्र ही गोष्ट आधी वडिलांना विचारून घे, ती त्यांची आहे. आणि त्या व्यापाऱ्याचं खरं नाव, गाव, गाडीचा नंबर यातलं काहीही फिल्ममध्ये येऊ देऊ नकोस.

कॅमेऱ्याचे ५५ हजार वाचव. मित्रांपैकी ज्याचा फोन सगळ्यात चांगला असेल तो घे आणि कॅमेरा हाताने सेट करता येईल असं ॲप टाक. सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि शटर एकपन्नासांश सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. शटर तिच्याशी जुळलं नाही की ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी बल्ब पडद्यावर लुकलुकतात, आणि ते नंतर एडिटिंगमध्ये धड निघत नाही. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरे. महिनाभर बसून शीक. हा महिना तुझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, का ते पुढे सांगते.

ड्रोन काढूनच टाक. ओझरचा विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना तुमच्या जवळच आहे. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपलं ठिकाण कोणत्या रंगात येतं हे पाहिल्याशिवाय ड्रोन उडवणं म्हणजे पोलीस स्टेशनची वारी. शिवाय रात्रीच्या स्वयंपाकघरात ड्रोनला काम तरी काय?

वाचलेला पैसा आवाजावर घाल. मागे एक मुलगी फिल्म दाखवायला आली होती. चित्र इतकं सुंदर की मी खुर्ची पुढे ओढून बसले. आणि पहिला संवाद सुरू झाला तसा डोक्यावरचा पंखा ऐकू येऊ लागला. नऊ मिनिटं पंखा आणि त्याच्या मागे कुठेतरी माणसं. तिने लाखभर खर्चले होते आणि माइक होता कॅमेऱ्यावरचा. ती रडली आणि मला सांत्वन करायला शब्द सापडेनात, कारण त्यावर उपाय उरलेला नव्हता. म्हणून दोन दिवसांसाठी आवाजाचा जाणकार माणूस घे, त्याच्या माइकसकट. ८-१० हजार जाऊ देत. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना मोटरसायकलची किल्ली आतच ठेव, म्हणजे तो सुरू केल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही आणि दूध नासणार नाही. पॅकअपच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. संवादांमधले सांधे त्यानेच बुजतात. तुमच्याकडे शेतीची लाइट रात्री कधी येते ते गावात विचारून ठेव, नाहीतर ऐन सीनमध्ये शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होईल. फोनमधून येणारा ‘नंबर बंद आहे’चा आवाज मोबाइल कंपनीचा घेऊ नकोस, एखाद्या वर्गमैत्रिणीच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड कर.

नट पुण्याहून कशाला? नाशिकमध्ये राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिकांत वर्षानुवर्षं काम करणारी हौशी माणसं आहेत. कालिदास कलामंदिराला किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या (सावाना) साईखेडकर नाट्यगृहात चार प्रयोग बघ आणि प्रयोग संपल्यावर विंगेत जाऊन बोल. त्यांची एकच अडचण असते. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायची सवय झालेला असतो. तुझ्याच स्वयंपाकघरात आठवडाभर तालमी घे, म्हणजे तो ओट्यापर्यंत येईल. थोडंसं का होईना, मानधन दे. आणि जेवण चांगलं दे. फुकट राबणाऱ्या मित्रांना तिसऱ्या वेळेलाही वडापाव दिलास तर संध्याकाळचा सीन चेहऱ्यांवर दिसेल.

कागदाच्या मागे तू लिहिलंयस की शेवटी कुसुमाग्रजांची कविता आणि एक सिनेमाचं गाणं घ्यायचं. गाणं विसर. यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो आणि महोत्सववाले हक्कांचं हमीपत्र मागतात. कुसुमाग्रज आपल्या नाशिकचे असले तरी कविता आपली होत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतात. ते १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागेल. मित्रमंडळींशीही एका कागदावर लिहून घे, की दिग्दर्शक कोण, फिल्म कुणाच्या नावावर, बक्षीस मिळालं तर वाटणी कशी. हा कागद शूटिंगच्या आधी करायला कुणाला अवघड वाटत नाही, नंतर मात्र मैत्री तुटते.

आता मागे ठेवलेले १५ हजार. फिल्म तयार झाली की त्याच रात्री यूट्यूबवर टाकायची घाई होईल. टाकू नकोस. आधी इंटरनेटवर येऊन गेलेली फिल्म बरेच महोत्सव घेत नाहीत. पहिलं वर्ष महोत्सवांना दे, यूट्यूब पळून जात नाही. मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे मिफ, १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, त्यात शॉर्ट फिल्मचा विभाग असतो. केरळ सरकारच्या संस्थेचा तिरुअनंतपुरमचा शॉर्ट फिल्म आणि माहितीपटांचा महोत्सव नावाजलेला आहे. फिल्मफ्रीवे या वेबसाइटवर जगभरचे महोत्सव सापडतात, पण तिथे डोळे उघडे ठेव. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे आणि प्रत्येक प्रवेशिकेला प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत. फी भर, पण जिथे फिल्म खरोखर सभागृहात दाखवतात तिथेच, आणि पाच-सहा ठिकाणांच्या पुढे जाऊ नकोस. इंग्रजी सबटायटल स्वतः करून इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घे. शूटिंग चालू असताना एका मित्राला फक्त फोटो काढायला ठेव. पोस्टर, महोत्सवाचं पान, वर्तमानपत्रातली बातमी, सगळीकडे फोटो मागतात, आणि व्हिडिओतून काढलेला फोटो धुरकट येतो.

मग एक वर्षाने यूट्यूब. त्या दिवशी मित्रांना ‘शेअर करा’ म्हणण्याआधी द्राक्ष बागायतदारांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप तुझ्या वडिलांच्या फोनवर आहेत, तिथे टाक, वडिलांच्या हाताने. ही रात्र ज्यांनी काढली आहे ते लोक ती पुढे पाठवतील. तीस सेकंदांचा तुकडा रीलसाठी वेगळा काप, उभा. तिकीट लावून थिएटरात दाखवायची असेल किंवा राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं; ते पुढचं पुढे.

भाऊसाहेब, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. शॉर्ट फिल्ममधून पैसे परत येतील असं समजून देऊ नका. ते बहुधा येत नाहीत. हे ४५ हजार एखाद्या कोर्सची फी म्हणून द्या. पण पोट भरतं का, याचं उत्तर हो आहे. ज्याला एडिटिंग हातचं येतं त्याला नाशिकमध्येच लग्नाच्या व्हिडिओपासून कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत काम आहे, आणि चांगला आवाज टिपणारी माणसं तर शोधावी लागतात. दिग्दर्शक व्हायला वेळ लागतो. तोवर घर या कामांवर चालतं. म्हणूनच एडिटिंग त्याने पैसे देऊन करून न घेता स्वतः शिकावं.

शिक्षण मात्र सोडू देऊ नका, यात तडजोड नाही. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. बी.कॉम. पूर्ण झालं तर ते दार उघडं राहतं, आणि प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना हातात स्वतःची फिल्म असेल. शूटिंग परीक्षेनंतरच्या सुट्टीत, दोन रात्रींत उरकायचं, अशी अट घाला. ही अट तो मान्य करेल, कारण नवीन गोष्टीला दोन रात्री पुरतात.

पैसे द्यायच्या आधी एक काम करा. येत्या शनिवारी तो घरी आला की त्याला म्हणा, जेवणं झाल्यावर ती चिठ्ठी कपाटातून काढून मी तुला त्या रात्रीचं सगळं सांगतो, तू फोनवर रेकॉर्ड कर. पंखा बंद करून. दहा मिनिटं बोला. तुमच्या मिसेसनाही जवळ बसवा, त्यांना तुमच्यापेक्षा वेगळं आठवत असेल. ते रेकॉर्डिंग त्याने मला पाठवावं. ऐकते, आणि मग पटकथा कुठून सुरू करायची ते आम्ही दोघं बोलू.