विमान भलतीकडेच उतरलं तर?

"विमानाची भीती नाही हो. पण ते भलतीकडेच उतरलं तर मी एकटी काय करू?" मुलांकडे परदेशी निघालेले आईवडील सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनाला हल्ली वरचेवर हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातल्याच एका काकूंची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते तपशील बदलून.

काकू साठीपुढच्या, मुलगा शिकागोला. तिकीट मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, जूनमध्ये आखातातले विमानतळ काही तास ठप्प झाले. हे सगळं काकूंनी टीव्हीवर पाहिलेलं. तेव्हापासून झोप उडालेली. "डोळा लागला की विमान सुटलेलंच असतं बघा."

मुलगा रोज फोनवर सांगायचा, "आई, काही होत नाही." हे वाक्य मला पटत नाही. होतं की! वादळ येतं, धुकं पडतं, वैमानिकांची ड्युटीची वेळ संपते. घाबरलेल्या माणसाची नुसती समजूत काढून भागत नाही, त्याला उत्तर हवं असतं.

म्हणून मी फक्त विचारत गेले, "बरं, मग पुढे?" विमानाला उशीर झाला. मग? फ्रँकफर्टहून पुढचं विमान चुकलं. मग? इथे काकू अडल्या. मी तिकीट पाहिलं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर होता, म्हणजे पुढच्या विमानात जागा करून देणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं असती तर ती डोकेदुखी बहुधा आपलीच. व्हीलचेअर आधी सांगून ठेवता येते, म्हणजे वाट दाखवायला माणूस मिळतो. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. मुलाचा नंबर कागदावर, कारण मोबाइल नेमका तेव्हाच मान टाकतो.

"मग पुढे?"

"पुढे काय, बसून राहायचं."

इतक्या दिवसांची भीती शेवटी एका बाकावर येऊन टेकली. काकूंचं माहेर पंढरपूर. मी विचारलं, "कुर्डुवाडीला पंढरपूरची गाडी चुकली की काय करायचात?"

"काय करणार? डबा सोडायचा, माणसं बघत बसायचं." मग जरा थांबून, "मला आवडायचं ते."

गृहपाठ दिला तो एवढाच: बाकावर बसून काय काय करणार, ते लिहून आणा. शब्दकोडी, मोबाइलवर उतरवून घेतलेली कीर्तनं, कडक भाकरी, शेंगाचटणी. (आपल्या चटणीत खोबरं नसतं ते बरंच, सुकं खोबरं विमानतळावर अडवू शकतात.)

फ्रँकफर्टला काहीच झालं नाही. शिकागोवर मात्र गडगडाटी पाऊस होता, म्हणून विमान डेट्रॉइटला उतरवलं आणि ढग सरकेपर्यंत सगळ्यांना आतच बसवून ठेवलं. शेजारी तेलंगणातल्या एक आजी, इंग्रजीचा गंध नाही, रडवेल्या झालेल्या. काकूंचा संसार सोलापूरच्या पूर्व भागातला, पद्मशाली शेजारणींमुळे तेलुगू तोंडात बसलेलं. हवाईसुंदरीला खाणाखुणांनी विचारून त्यांनी आजींना तेलुगूत सगळं समजावलं आणि चटणीची पुडी सोडली. दोघींनी एकमेकींच्या सुनांची उजळणी केली म्हणे.

तिकडे मुलगा विमानतळावर येरझाऱ्या घालत होता. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला, स्वतःसाठी वेळ मागायला.